फणसाच्या बुडाशी

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं, ती जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला राहते. नाव प्रतिभा. आजही दिवे लागायच्या वेळेला तिच्या हातात एक स्टीलची वाटी असते. हे सगळं तिनं सांगितलं ते एकाच अटीवर... तिच्या सासूबाईंच्या कानावर जाऊ नये. सासूबाई फोनवर काही वाचत नाहीत, म्हणून इथं लिहिलं आहे.

तारीख तिच्या पक्की लक्षात आहे. २०२४ सालचा नोव्हेंबर, अठरा तारीख, सोमवार. संध्याकाळचे सहा.

आणि जागा... बोरीपासून फार लांबची.

लाओस.

प्रतिभा तिथं एकटी होती. पाठीवर एक सॅक आणि डोक्यावर घरी बोललेल्या खोट्याचं ओझं.

झालं असं होतं, की तिची लेक श्रेया वीस महिन्यांची झाली तरी अंगावरचं दूध सोडत नव्हती. कोरफड लावून झाली, कडुनिंब लावून झाला. पोर तोंड वाकडं करायची आणि परत पदराला झोंबायची. शेवटी सासूबाई, सारजाबाई, म्हणाल्या, "तू आठ-दहा दिस नजरंआड झाल्याबिगर ती दूध सोडायची न्हाई. आमी बी असंच केलं व्हतं. लोणीला जाऊन ये माहेरी."

प्रतिभा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करायची. कॉलेजात असल्यापासून तिच्या मनात एक होतं... एकदा तरी एकटीनं, पाठीवर सॅक टाकून, परदेशात फिरायचं. आधी शिक्षण आडवं आलं, मग लग्न, मग बाळंतपण. आता सासूच म्हणत होती, जा.

तिनं सांगितलं, बंगळूरला ऑफिसचं ट्रेनिंग आहे. बारा दिवसांचं.

खरं काय ते फक्त नवऱ्याला माहीत होतं. सुदर्शन चाकणला कामाला. तो म्हणाला, "जाऊन ये. परत कधी जमायचं नाही. श्रेयाला आई बघंल."

निघायच्या आदल्या दिवशी सारजाबाईंनी तिला आत बोलावलं.

"छाती भरून येईल. थोडं थोडं पिळून काढायचं. पर मोरीत ओतू नको. अंगावरचं दूध कुनाच्या पायाखाली येऊ द्यायचं न्हाई. झाडाच्या बुडाशी ओतायचं. बंगळूरला झाडं असत्याल ना?"

"असतात की."

त्यांनी स्वतःच्या हातानं सॅकमध्ये एक वाटी घातली. श्रेयाच्या बारशाला आलेली. कडेला नाव कोरलेलं... श्रेया.

पहाटे प्रतिभा निघाली, तेव्हा श्रेया झोपेत होती. तिला उठवलं असतं तर पाय निघाला नसता. म्हणून न सांगताच निघाली.

ते तिला अजून टोचतं.

पुण्याहून विमानानं बँकॉक. तिथून बसनं सीमा ओलांडून लाओस. स्वस्तातली हॉस्टेलं, एका खोलीत आठ बेड, वरच्या बेडवर ही. रस्त्याकडेला बसून चिकट भात खायचा, नदीतल्या होडीतून पुढच्या गावाला जायचं. पहिले चार-पाच दिवस ती खूप खुशीत होती. हे सांगताना ती मान खाली घालते.

दूध मात्र ती हॉस्टेलच्या बेसिनमध्येच ओतत होती. डोळे मिटून.

अठरा तारखेला ती नदीकाठच्या एका छोट्या गावात पोचली. तिथं एका बाईचं घर होतं, लाकडी खांबांवर उभं. वरच्या दोन खोल्या ती प्रवाशांना द्यायची. बाईचं नाव नोय. तिशीची असेल. घरात दुसरं कुणी दिसलं नाही.

घराखाली दोन खांबांच्या मध्ये कापडाची झोळी बांधली होती. आपल्याकडं साडीची बांधतात तशीच. नोय भाजी निवडत बसली होती आणि पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी गुंडाळून झोका देत होती.

प्रतिभानं कौतुकानं झोळीत डोकावलं.

झोळी रिकामी होती...

रिकामी झोळी हलवू नये, एवढं तर आपल्याकडं लहान पोरींनाही माहीत असतं. प्रतिभाचा हात झोळी थांबवायला पुढं झाला. मग वाटलं, ह्यांच्यात नसेल तसं. सवय असेल पायाला.

घराच्या मागं एक मोठा फणस होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हाताशी झाड होतं. सासूबाईंचं ऐकावं, निदान एवढं तरी, म्हणून सहाच्या सुमाराला ती वाटी घेऊन मागं गेली आणि दूध फणसाच्या बुडाशी ओतलं.

ओतलं आणि रातकिडे थांबले.

सगळे. एकदम.

मग मातीतून एक बारीक आवाज आला... घोट घेतल्यासारखा.

ती तशीच मागं सरकली आणि वर गेली. घरी व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडं साडेचार वाजले होते. पाच दिवस श्रेया या वेळेला रडून घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी घरात चिडीचूप.

"आत्ता गप झाली बघ," सारजाबाई म्हणाल्या. "रडता रडता मधीच थांबली. जसं काय कुनी तोंडातलं काडून घेतल्यावानी. आता नुसती बसलीय भिताडाकडं बघत." मग त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "तुझ्या मागं एवढं रान कसलं गं? बंगळूर म्हनत्यात ते हेच का?"

"ट्रेनिंग सेंटर गावाबाहेर आहे, आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फणसाखाली जाऊन पाहिलं. दूध सांडल्यावर मुंग्या लागतात, डाग राहतो.

तिथं काहीच नव्हतं. एक मुंगीही नाही.

त्या संध्याकाळी ती खोलीत बसून पुढच्या गावाची होडी शोधत होती. सहा वाजायला आले. आणि अचानक तिला पान्हा फुटला. कुर्ता भिजला.

ज्या बायकांनी अंगावर पाजलंय, त्यांना हे सांगायला नको. लेकरू रडलं, की आपल्या आधी छातीला कळतं.

पण तिथं कुणीच रडत नव्हतं...

ती उठली आणि वाटी घेऊन खाली गेली. त्या दिवशी ओतल्यावर ती लगेच परतली नाही. आवाज नीट ऐकला. चुक्... चुक्... मध्ये थांबून एक उसासा. आणि परत चुक्... चुक्...

श्रेया अशीच प्यायची.

घराखालून येताना तिच्या लक्षात आलं. नोय आज झोका देत नव्हती. झोळीची दोरी सोडून खांबाला गुंडाळून ठेवली होती. नोय भिंतीला टेकून शांत झोपली होती. खूप दिवसांची झोप राहिलेल्या माणसासारखी.

प्रतिभा तिथं दोन रात्री राहणार होती. चार राहिली. सुदर्शनला सांगितलं, नदी छान आहे. खरं असं, की सहा वाजले की पाय आपोआप फणसाकडं जायचे. आणि तिला बरं वाटायचं. पोटच्या पोरीला उपाशी ठेवून आले, पण इथं कुणाचं तरी पोट भरतंय... असलं काहीतरी. तेव्हा तिनं हे मनात स्पष्ट येऊ दिलं नाही. आता तेच आठवून तिला झोप लागत नाही.

चौथ्या संध्याकाळी ती वाटी घेऊन उतरली, तर नोय फणसाखाली उभी. हातात मोबाईल. तिनं काहीतरी टाईप केलं आणि भाषांतर पुढं धरलं. मराठीत.

"माझे बाळ या झाडाखाली आहे. तीन वर्षे झाली."

आपल्याकडंही एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत. पुरतात.

नोयनं परत टाईप केलं.

"ते रोज संध्याकाळी रडत होते. फक्त मला ऐकू येत होते. तू दूध दिल्यापासून रडत नाही."

आणि मग,

"तू जाऊ नकोस."

प्रतिभानं स्वतःच्या फोनवर लिहिलं, माझी मुलगी घरी आहे. माझी वाट बघते.

नोयनं ते वाचलं. मग तिनं लिहिलं,

"तिच्याजवळ आजी आहे."

त्या संध्याकाळी प्रतिभानं दूध ओतलं नाही. भरलेली वाटी खोलीत तशीच ठेवली आणि अंगावर पांघरूण ओढलं. खाली झोळीची दोरी करकरत होती. पहाटेपर्यंत.

उजाडता उजाडता पाहिलं, तर वाटी रिकामी होती; ती आत टाकून तिनं सॅक उचलली. नोय झोळीशेजारी बसल्या बसल्या डोळा लागून पडली होती. तिला उठवलं असतं तर पाय निघाला नसता.

दुसऱ्यांदा ती कुणालातरी न सांगता निघाली.

होडीत बसल्यावर सॅक तिनं मांडीवर घेतली. रिकामी वाटी आणि चार कपडे, त्यात जड काय असणार. पण मांडीला रग लागली...

बोरीला पोचली तेव्हा शेजारची मोहिनी दारातच होती. "काय गं, ट्रेनिंगला गेलतीस का नांगरायला? पार रापून आलीस." प्रतिभा हसली. घरात शिरून तिनं हात पसरले.

श्रेया आली नाही.

ती आजीच्या मागं लपली. रुसल्यासारखी नाही. ती प्रतिभाकडं बघतच नव्हती. तिच्या कमरेकडं बघत होती, जिथं बाई मूल घेते तिथं.

"बाळ," ती म्हणाली.

"आईला बाळ म्हनती बघ," सारजाबाई हसल्या. "येईल दोन दिसांत."

दोन दिवसांनी आली. पण झोपताना कडेला सरकायची आणि मधली जागा हातानं थोपटायची. दुधाला मात्र परत कधीच तोंड लावलं नाही. पोरीचं दूध सुटलं. प्रतिभाचं आटलं नाही. रोज संध्याकाळी कुर्ता भिजायचा. नारायणगावच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, सगळं ठीक आहे म्हणाल्या. होतं कधी कधी असं.

सारजाबाईंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "बंगळूरला दूध कुठं ओतीत व्हतीस?"

"झाडाखाली. तुम्ही सांगितलं तसं. फणस होता."

"कुनाच्या दारातला?"

"...एका बाईच्या."

"तिला इचारलं व्हतंस?"

प्रतिभानं तव्यावरची भाकरी उलटली. सारजाबाईंचा हात परातीत थांबला.

"आपल्या झाडाखाली काय हाय ते आपल्याला ठावं असतंय, पोरी. दुसऱ्याच्या झाडाखालचं कसं ठावं असनार."

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण मग बंगळूरचंही सांगावं लागलं असतं. दूध मात्र त्या दिवसापासून मागल्या दारच्या शेवग्याच्या बुडाशी ओतायला लागली.

शेवग्याला लागूनच ऊस आहे. बोरीत ऊस उभा असला की अंधार पडायच्या वेळेला कुणी लेकराला मागल्या दारी सोडत नाही. बिबट्या कधी येतो ते कळत नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी तिनं ठरवलं, आजपासून बंद. वाटी फळीवर उंच ठेवली. मागल्या दाराला कडी घातली, वरची. कुर्ता भिजला तसा भिजू दिला. स्वयंपाकघरात उभी राहून देवाचं नाव घेत राहिली.

घर शांत होतं.

जास्तच शांत...

"श्रेया?"

खोलीत नाही. ओसरीवर नाही. सारजाबाई देवापुढं दिवा लावत होत्या, त्यांच्याजवळ नाही.

मागलं दार सताड उघडं होतं. वरच्या कडीला तर पोरीचा हातच पोचत नाही.

श्रेया शेवग्याखाली बसली होती. उसाकडं पाठ करून, उसापासून चार हातांवर. मागचा ऊस सळसळत होता आणि वारा नव्हता. पोरीच्या हातात वाटी होती. फळीवर ठेवलेली वाटी. ती रिकामी वाटी हवेत कुणाच्या तरी तोंडाला लावत होती आणि समजूत घालत होती,

"आई देते हं. आई देते."

प्रतिभानं पोरीला उचललं. मग तशीच, लेकीला एका हातानं छातीशी धरून, तिनं वाटीत दूध काढलं आणि ओतलं.

उसातली सळसळ थांबली.

त्यानंतर तिनं एकही दिवस चुकवलेला नाही. या गोष्टीला आता वर्ष उलटून गेलंय. दूध अजून येतं.

सुदर्शनला तिनं सांगितलं. तो म्हणाला, टेन्शन घेतेस तू. पण त्या दिवसापासून मागल्या दाराला त्यानं लोखंडी जाळी बसवून घेतली.

सारजाबाईंनी परत काही विचारलं नाही. त्यांनी फक्त श्रेयाची जुनी झोळी माळ्यावरून काढली आणि ओसरीवर बांधली. का बांधली, ते प्रतिभानं विचारलं नाही. रिकामीच असते. सारजाबाई दाण्याच्या शेंगा फोडत बसल्या, की त्यांचा पाय दोरीला लागतो.

गेल्या महिन्यात प्रतिभाच्या फोनवर एक निरोप आला. परदेशी नंबर. खोली बुक करताना ज्या नंबरवर बोलणं झालं होतं, तोच. खाली फोटो होता, फणसाच्या झाडाचा. बुडाशी वाळलेली पानं, आणि त्यावर एक छोटासा भाताचा मुटका, तसाच राहिलेला.

भाषांतर करून पाठवलं होतं. मराठीत.

"तू गेल्या दिवसापासून ते इथे रडत नाही. मी रोज हाक मारते."

त्याखाली,

"तुझ्याकडे नीट आहे ना?"

वाचलं, हे तिकडं कळलेलं आहे. उत्तर अजून दिलेलं नाही. काय देणार. आपलं लेकरू बारा दिवस मागं टाकून गेली, आणि येताना दुसऱ्या आईचं घेऊन आली... हे कुठल्या भाषेत लिहायचं.

सहा वाजायला आले, की श्रेया फळीकडं बोट दाखवते. दोघी मागल्या दारी जातात. श्रेया पायरीवर बसते.

बसताना थोडी बाजूला सरकून बसते.