गिरणीतला स्पीकर

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पण यात मी पदरचं काहीच घातलेलं नाही. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात माझी पिठाची गिरणी आहे. हे तिथेच घडलं, २००६ च्या हिवाळ्यात. रात्री नाही, भरदिवसा.

माझं नाव ग्यानोबा. बायको चांगुणा. तिला लकवा झाला. डावं अंग गेलं, वाचाही गेली. ती मागच्या खोलीत पलंगावर, मी पुढे गिरणीत. पट्टा फिरायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिला काही लागलं तर मला कळणार कसं?

पोरगा भीमराज पुण्याला कंपनीत. त्याने बिनतारी स्पीकर आणला. माईकचा डबा तिच्या उशाशी, स्पीकर गिरणीत माझ्या डोक्यावर. दोन्हींच्या मध्ये वायर नाही. पण दोन्हीला लाईट लागायची.

पहिल्या दिवशी स्पीकर मुकाच. भीमराजने अँटेना वाकवून पाहिल्या, प्लग बदलून पाहिले. शेवटी दोन्हींच्या पाठीमागे एकेक बटण सापडलं. त्यावर नंबर होते, एक आणि दोन. डबा एकवर होता, स्पीकर दोनवर. दोन्ही एकाच नंबरवर नसले तर याचं त्याला ऐकू जात नाही.

दोन्ही एकवर केले. चांगुणाने पलंगाच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटला.

टक.

गिरणीत बराबर ऐकू आलं.

मग आमचं ठरलं. एकदा टक म्हणजे पाणी. दोनदा टक म्हणजे कूस बदलायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.

दळायला येणारी मिराबाई हसायची. "पळा दादा, बाईसाहेब बोलवून राहिल्या."

मी पीठ झटकत पळायचो.

दिवाळीनंतर चांगुणा गेली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला. लोक म्हणाले, मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये. बाकी सगळं दिलं, गोधडी ठेवली. तिच्या लुगड्यांची आणि माझ्या धोतरांची, तिनेच शिवलेली. पलंगावर तशीच अंथरली. चमचा धुऊन स्वयंपाकघरात ठेवला.

भीमराज म्हणाला, गिरणी विका आणि माझ्यासोबत पुण्याला चला. मी थांब म्हणालो. उशाजवळचा डबाही त्याला काढू दिला नाही. स्पीकर खरखरला की मी दचकायचो, म्हणून जाताना त्याने स्पीकर तेवढा दोनवर केला. आता तिथलं इथं ऐकू येणं शक्य नव्हतं.

एका दुपारी मिराबाईची ज्वारी दळत होतो.

टक... टक.

मला वाटलं, पट्टाच वाजला.

मिराबाई सवयीने बोलून गेली, "पळा दादा, बाईसाहेब..."

मग तिने तोंडाला पदर लावला.

दळण तसंच टाकून ती गेली. पीठ न्यायला नवऱ्याला पाठवलं.

मी बटणं पाहिली. स्पीकर दोनवर. डबा एकवर.

भीमराजला फोन केला. तो म्हणाला, दुसऱ्या कोणाचा तरी सिग्नल घुसला असेल, दोन्हीचे प्लग काढून टाका. मी काढले.

दुसऱ्या दिवशी लोडशेडिंग. सगळ्या गावाची लाईट गेलेली. गिरणी बंद. मी सांडलेलं पीठ झाडत होतो.

टक... टक.

वर पाहिलं. स्पीकरचा प्लग भिंतीवर नुसता लोंबकळत होता.

मागच्या खोलीत गेलो. कोणी नव्हतं. गोधडी सपाट होती. चमचाही तिथे नव्हता. काय करावं सुचेना, म्हणून रोज करायचो तेच केलं. खांद्याखाली आणि कमरेखाली घालायचो तसे गोधडीखाली हात घातले... आणि ती पालथी केली.

खालची बाजू गरम होती.

तिची पाठ टेकायची तेवढीच जागा. बाकी सगळी थंडगार.

टकटक थांबली. मला भीती वाटली नाही. मी तिथेच बसून रडलो.

भीमराजला कळवलं, मी येत नाही.

"काहून, बाबा?"

"तुझ्या आईची कूस कोण बदलंल?"

तो म्हणाला, "बाबा, जेवण तरी बराबर करता ना?"

हिवाळाभर असंच चाललं. टकटक आली की गिरणी बंद करायची, गोधडी पालथी करायची. गिऱ्हाईक कमी झालं. मला त्याचं काही वाटलं नाही. चांगुणाची सेवा संपली नव्हती, एवढंच माझ्या मनात होतं.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी...

टक... टक... टक.

तीनदा.

तीनदाचं आमच्यात काही ठरलंच नव्हतं.

मी गेलो. गोधडी पालथी केली.

दोन जागी गरम होती.

एक तिच्या जागी. दुसरी भिंतीच्या बाजूला.

हा पलंग आमच्या लग्नातला. ती आजारी पडली तेव्हा तिला ऐसपैस जागा व्हावी म्हणून मी खाली झोपायला लागलो. त्याआधी भिंतीच्या बाजूला मी झोपायचो.

त्यानंतर दोनदा टक कधी आलंच नाही. येतं ते तीनदा.

भीमराज अजून चला म्हणतो. बोलवणारी चांगुणाच असेल, तर तिला टाकून कसा जाऊ? आणि ती नसेल, तर माझी जागा कोण गरम करून ठेवतंय?

गिरणी मी विकलेली नाही.

झोपतो मात्र अजून खालीच.