खालच्या आवाजाचं रेकॉर्डिंग

दिवा असू द्या. जवळ बसा. बोलता बोलता मी मधेच थांबलो तर घाबरू नका आणि पाणी आणायला उठू नका. पाण्याने ते जात नाही.

लेक चष्मा घरी विसरली, तिथून हे सुरू झालं. ती वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गायनवृंदात गाते. तीसेक माणसं, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सहाला. चष्मा द्यायला मी जिना चढलो आणि दारातून तिला हाक मारली. त्यांना शिकवणाऱ्या बाई पेटीपुढून उठल्या. पन्नाशीच्या, अंगाने बारीक, बोलणं धारदार.

"काका, पुन्हा हाक मारा."

"कशाला? आली की ती."

"मारा तर."

मारली. बाईंनी पेटीची एक खालची पट्टी दाबली. माझा आवाज तिच्याही खाली होता.

"असाच आ लावून किती वेळ धराल?"

मी धरला. चाळीस वर्षं काचेच्या भट्टीवर नळी फुंकलेली ही छाती आहे. एका दमात बरणी फुगवायचो. मागच्या रांगेतला एक शिंपी घड्याळाकडे बघत म्हणाला, "बाई, आवरा यांना, मला उद्या सकाळी दुकान उघडायचंय." सगळे हसले. मीही हसलो. बायको गेल्यावर पहिल्यांदाच. लेकीने ते पाहिलं आणि मग माझी सुटका नव्हती.

बाईंनी मला खालच्या आवाजाच्या रांगेत शिंप्याशेजारी उभं केलं आणि हातात कागद दिला. अक्षरांवर आकडे, आकड्यांखाली रेघा, मधे मधे स्वल्पविरामासारख्या खुणा. मी दुसरीपर्यंत शिकलो. सही करतो, बसची पाटी वाचतो. तो कागद मला वाचता येणार नव्हता. हे मी कोणाला सांगितलं नाही. भट्टीवर माझ्या हाताखाली बारा माणसं होती. सत्तरीत येऊन 'मला येत नाही' म्हणायची जिभेला सवय लागत नाही.

पण बाईंची एक पद्धत होती. प्रत्येक आवाजाचं सरावासाठी वेगळं रेकॉर्डिंग. उजव्या कानात आपला आवाज मोठा, डाव्या कानात बाकीचे सगळे बारीक. लेकीने ते माझ्या फोनमध्ये घातलं आणि इअरफोन दिले. खालचा आवाज गायला होता एक पोस्टमन. वीस वर्षं तो याच रांगेत उभा होता. सहा वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला.

म्हटलं, रेकॉर्डिंग आहे हे बरं झालं. कागदाची गरजच नाही.

दुपारी लेक कामावर गेली की मी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसायचो आणि ऐकायचो. पोस्टमनचा आवाज चांगला होता. उगाच नटवत नव्हता. आणि त्याचा श्वास ऐकू यायचा. ओळ सुरू व्हायच्या आधी नाकातून एक ओढ, बारीक शिट्टीसारखी. मग स्वर. कागद वाचणाऱ्याला खुणांवरून कळतं की दम कुठे घ्यायचा. मला तो श्वास सांगायचा. तो घेई तिथे मी घ्यायचो, तो थांबे तिथे थांबायचो. तसं मी भट्टीवरचं कामही शिकलो होतो. उस्तादाच्या बाजूला उभं राहायचं, त्याच्या छातीकडे बघायचं.

त्याचे श्वास फार लांब लांब होते. मधे दोन-दोन ओळी कोरड्या जायच्या. दुसरा कोणी असता तर लाल झाला असता. मला जमत होतं. मला त्याचा अभिमानही वाटत होता.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सराव थांबवून माझ्याकडे बघितलं.

"काका, इथे श्वास घ्यायचा आहे. सगळे घेतात. तुम्ही पुढे जाता."

"मला लागत नाही."

"बघा रे," शिंपी म्हणाला, "आमच्यात एक भाता आलाय."

त्यानंतर दोन दिवसांनी वाचनालयाच्या जिन्यावर पहिल्यांदा झालं ते. चढता चढता गाणं डोक्यात चालू होतं. तिसऱ्या ओळीच्या मधे मला दम लागला, म्हणून मी श्वास घ्यायला गेलो. आला नाही. तोंड उघडं, छाती जागच्या जागी. दुखत नव्हतं, घशात काही अडकलं नव्हतं. हवा समोर होती आणि आत येत नव्हती. डोक्यात गाणं त्याच संथ चालीने पुढे जात राहिलं. चौथी ओळ संपली. पोस्टमनच्या श्वासाची जागा आली, आणि तेवढ्यात छाती उघडली.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. वय झालं, म्हटलं.

मग ते घरी व्हायला लागलं. चहा पिताना. बुटाची नाडी बांधताना. गाणं आता थांबतच नव्हतं. संपलं की पहिल्यापासून सुरू. मी इअरफोन खणात टाकले, फोन लेकीच्या खोलीत ठेवला. काही उपयोग नाही. मनातल्या मनात घाई करून पुढची जागा लवकर आणायचा प्रयत्न केला. गाणं घाई करत नाही. बरणी फुंकून तोंड बंद केलं की आत हवा असते, पण तिला वाट नसते. तसा मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, बंद.

थांबा जरा...

हं. चला.

लेक एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलताना मधेच का गप्प होता? आणि ओठ निळे दिसतात."

"थंडी आहे."

"थंडी? पंखा चालू आहे डोक्यावर."

ती मला ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी नळी लावली, फोटो काढला, फुंकायला एक यंत्र दिलं. मी फुंकलं तर त्यातला काटा शेवटाला टेकला. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, माझ्याशी बदलता का छाती?" लेक हसली. मी तेव्हा पाचव्या ओळीत होतो. हसायला हवा नव्हती.

कार्यक्रमाला दोन आठवडे राहिले होते. सरावाच्या आधी मी शिंप्याला बाजूला घेतलं.

"त्या पोस्टमनचे श्वास जरा विचित्र जागी आहेत, नाही?"

"कुठले श्वास?"

"रेकॉर्डिंगमधले."

"भट्टीवाले, त्यात श्वास नाहीत. बाईंनी साफ केलंय ते. आतले धागेदोरे कापून टाकलेत, वरून नुसती शिवण दिसते."

मी फोन काढला. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. पहिली जागा आली. शिट्टीसारखी ओढ मला ऐकू आली, इतक्या जवळून की कानाची पाळी गार पडली. मी शिंप्याकडे बघितलं. तो ताल धरून मान हलवत होता.

"हे काय... आत्ता..."

"काय आत्ता?"

मी त्याच्या कानातून इअरफोन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंकडे गेलो. हॉलच्या मागे त्यांची छोटी खोली आहे. भिंतींना जाड स्पंज लावलेला, खिडकी नाही, टेबलावर कॉम्प्युटर आणि माईक. दार लावलं की स्वतःचं रक्त ऐकू येतं. त्या खोलीत उभं राहून मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "बाई, मला तो कागद वाचता येत नाही. मी सगळं त्याच्यावरून शिकलो. त्याच्या श्वासावरून."

बाई हसतील असं वाटलं होतं. त्या खाली बसल्या.

"त्यात श्वास नाहीत, काका."

"मला ऐकू येतात. आणि आता मला तेवढेच मिळतात. मधले... मिळत नाहीत."

 त्या हळू म्हणाल्या, "त्यांचं शेवटचं वर्ष होतं. एका ओळीत दोन-दोनदा थांबायचे. घरघर यायची. शिकणाऱ्यांना ते ऐकवलं नसतं. मी कॉम्प्युटरवर एकेक श्वास शोधला, कापला आणि दोन टोकं जोडली. चाळीस तरी असतील."

"त्याला सांगितलं होतं?"

"ऐकवलं होतं तयार झाल्यावर. म्हणाले... बाई, यात मी दम कुठे घेऊ?"

"मग?"

"मला गंमत वाटली. मी हसले. पंधरा दिवसांनी ते गेले."

मूळ रेकॉर्डिंग त्यांनी कधीच पुसून टाकलं होतं. कापलेले तुकडेही. आता परत जोडायला काही नव्हतं.

मी म्हटलं, "मी गातो. तो जिथे जिथे थांबत होता तिथे थांबतो. तुम्ही काही कापायचं नाही. जागा आठवतात?"

"हाताने कापलेत, काका. हाताला आठवतात."

त्यांनी कोपऱ्यातली लाकडी खुर्ची माईकपुढे ओढली. म्हणाल्या, "पोस्टमन याच खुर्चीत बसून गायचे. बसा." मी नाही म्हटलं. मी उभ्याने फुंकलं, उभ्यानेच गाईन. खुर्ची माझ्या मागे राहिली.

बाई बोट वर करतील तिथे मी थांबायचो आणि दम घ्यायचो. पहिल्या ओळीतच बोट दोनदा वर गेलं. दोन्ही वेळा हवा आली. साधी, फुकटची हवा. मी आधाशासारखा प्यायलो. पुढे प्रत्येक जागी आली. शेवटच्या ओळीपर्यंत बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात वर होता. गाणं संपलं. डोक्यातलंही संपलं. मी त्या बंद खोलीत उभा राहून मला वाटेल तेव्हा श्वास घेतला. चार-पाच वेळा घेतला, खात्री करायला.

जुनं रेकॉर्डिंग बाईंनी सगळ्यांच्या फोनमधून काढायला लावलं. नवं, काही न कापता, जसंच्या तसं पाठवलं. मी दोन आठवडे माणसासारखा जगलो. जिने चढलो, लेकीशी भांडलो, शिंप्याला शिव्या दिल्या.

मग कार्यक्रम झाला.

हॉल भरलेला होता. समोर माणसं, पाठीला भिंत, दोन्ही बाजूंना आमची रांग. खालचा आवाज, आम्ही सहाजण. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर शेजारचे पाचही जण एकदम थांबले आणि एकदम श्वास घेतला. रेकॉर्डिंग करताना त्या जागी मी श्वास घेतला नव्हता. बाईंनी तिथे बोट वर केलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत आहे. बाईंचा हातही हवेत अडकला. मीही तोंड उघडलं.

आला नाही.

कडवं संपेपर्यंत मी तसाच उभा होतो. तोंड उघडं. दिवे तोंडावर. रांगेतून बाहेर पडायला वाट नव्हती, आणि हाक मारायला हवा नव्हती. लोकांना वाटलं असेल, म्हातारा काय रंगून गातोय.

नंतर शिंपी खूश होता. "आज रांग अशी जुळली ना. तुम्ही मात्र एका ठिकाणी गाळलंत."

"तिथे श्वास घ्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी म्हणजे? तुमच्याच रेकॉर्डिंगमध्ये आहे. चांगला मोठा."

घरी आल्यावर लेकीला घेऊन बसलो. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. ती जागा आली. माझा आवाज सरळ पुढे जात होता. श्वास मला ऐकू आला नाही. पण माझ्या आवाजाच्या मागे, माईकपासून थोडं लांब, लाकूड करकरलं. खुर्चीवर वजन पडावं तसं.

लेकीने गाणं थांबवलं. ती पांढरी पडली होती.

"बाबा... तुम्ही मधे बसलात का?"

"नाही."

"मग बाई?"

"त्या माझ्या समोर होत्या."

तिने गाणं पुन्हा सुरू केलं. म्हणाली, जो बसला तो कधीतरी उठला असेल ना. उठताना पुन्हा करकरेल. शेवटपर्यंत ऐकू.

आम्ही शेवटपर्यंत ऐकलं. गाणं संपल्यावर मी घेतलेले ते चार-पाच श्वास होते. बाईंनी नाक ओढलं, तेही होतं. खोलीचं दार उघडलं, आम्ही दोघं बाहेर पडलो, दार लागलं. बाई मशीन बंद करायला विसरल्या होत्या. त्यापुढे रिकाम्या खोलीची अकरा मिनिटं आहेत. मी तीही ऐकली आहेत, पुष्कळदा.

खुर्चीतून कोणी उठलेलं नाही.