तिसऱ्या डोळ्याची माघार

ग्रंथालयातल्या शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर एक जण उभा होता आणि पुस्तक अगदी नाकाला टेकवून वाचत होता. खाली उभ्या असलेल्या तिला नेमकं तेच पुस्तक हवं होतं.

"अहो... वेळ लागेल का तुम्हाला?"

"दोनशे चौदावं पान झालं की देतो."

तिच्या भुवया वर गेल्या. दोनशे चौदावंच पान बघायला ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती!

पोटासाठी ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि हौसेसाठी एका ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख. तिथे लेख कुणीही लिहावा; पण त्यावर हिरवी खूण लागायची, ती लेखकाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने ओळ न् ओळ तपासल्यावरच. तिथलं तिचं टोपणनाव होतं 'तिसरा डोळा'. सध्या तिच्यापुढे एका रशियन ज्यू कथाकाराचं चरित्र होतं. यिडिश ही ज्यूंची घरगुती भाषा बोलणाऱ्या आईच्या मांडीवर गोष्टी ऐकून मोठा झालेला आणि त्याच गोष्टी पुढे रशियनमध्ये मुलांसाठी लिहिणारा हा माणूस तिला फार आवडला होता. लेख लिहिणारा मात्र कुणी 'उंदीरमामा' होता. परवाच तिने त्याला ठणकावलं होतं – 'जन्मतारीख ३ मार्च दिली आहे. दुसऱ्या चरित्रात १५ मार्च आहे. हा ढिसाळपणा शोभत नाही.' तेव्हापासून मामा गप्प होते. तिला आपली उगीच चुटपुट लागली होती.

तो शिडीवरून खाली उतरला. बोटांवर सुकलेल्या डिंकाचे पापुद्रे, केसांत कागदाचा कपटा.

"पाच वर्षांत या पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता," तो म्हणाला. "मला माहीत आहे, कारण बांधणी मीच केली. पलीकडच्या खोलीत फाटकी पुस्तकं दुरुस्त करतो मी. तुम्हाला काय बघायचंय यात?"

"जन्मतारीख."

"तुम्हीसुद्धा?" तो खो खो हसला. "अहो, रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालायची. एकोणिसाव्या शतकात ती बारा दिवस मागे होती. तिथली तीन तारीख म्हणजे बाहेरची पंधरा. दोन्ही बरोबर! पण हे त्या तिसऱ्या डोळ्याला कोण सांगणार?"

"कोण... तिसरा डोळा?" तिने विचारलं.

"माझा लेख तपासतोय एक जण. नक्की रिटायर्ड हेडमास्तर असणार. मला ढिसाळ म्हणाला! मी रागाने उत्तरच दिलं नाही."

सांगून टाकायचं तर तेव्हाच. पण जीभ काही वळली नाही. उलट ती म्हणाली, "पण तुम्ही लेखात तसं लिहायला नको होतं? वाचणाऱ्याला कसं कळणार?"

तो थबकला. "हो की... म्हणजे तुम्ही हेडमास्तरांच्या बाजूने?"

"मी डोळ्यांच्या बाजूने. पुस्तक किती जवळ धरता! नंबर वाढलाय तुमचा."

त्या संध्याकाळी तिसऱ्या डोळ्याने परीक्षणाच्या पानावर चक्क माफी मागितली. पुढच्या शनिवारी ती पुन्हा शिडीखाली हजर होती, आणि त्याच्या पुढच्याही. कारण दर वेळी नवं असायचं, पण माणूस तोच.

"हेडमास्तर सुधारले हो," एकदा तो खूश होऊन म्हणाला. "परवा तर लिहिलं, 'हा परिच्छेद सुरेख जमला आहे.' माणसात आले!"

"तुम्हाला आवडायला लागले की काय?"

"आवडायला मला दुसरंच कुणीतरी लागलंय..." असं म्हणून तो एकदम डिंकाचं झाकण शोधायला लागला. झाकण डबीवरच होतं.

त्याच दिवशी त्याने बाईंबद्दल सांगितलं. रशियन त्याला बाईंनी शिकवलं. आता त्या ब्याऐंशीच्या. कथाकारावर मूळ जीव त्यांचाच. रोज फोन यायचा – 'लागली का रे हिरवी खूण?' लेख पाच महिने तपासणीच्या रांगेत पडून होता, तेव्हा कुठे हेडमास्तर उगवले होते.

ती कसंबसं हसली.

मग तो डोळे तपासायला दुकानात आला. तपासणीची चौकट तिने त्याच्या नाकावर दोनदा वाकडी बसवली. हजारो लोकांच्या नाकावर तिने ती बसवली होती, कधी वाकडी बसली नव्हती.

"खालची ओळ वाचा."

"तुम्ही मध्ये उभ्या आहात."

"मग बाजूला होते."

"नको ना... ओळ कुठे पळून जातेय?"

ती लाजली, आणि लाजतानाच तिला नियम आठवला. लेखकाशी काडीचाही संबंध नको! इथे तर काड्यांचं घरटं झालं होतं.

घरी ताईने तिचा चेहरा वाचला आणि सगळं काढून घेतलं.

"सोपं आहे. हिरवी खूण दे, मग सांग."

"ती खूण खोटी ठरेल, ताई. त्याच्या एवढ्या मेहनतीवर खोटी खूण?"

"आणि सोडलंस तर?"

"लेख रांगेच्या शेवटी जाईल. बाई वाट बघत राहतील. आणि तो... इतके दिवस लपवलं म्हणून तोंडही बघणार नाही माझं."

ताईने तिच्या डोक्यावर टपली मारली. "मग रडून घे आणि लिही."

तिने लिहिलं – 'मी हे परीक्षण सोडते आहे. लेख उत्तम आहे. पण लेखकाबद्दल मी तटस्थ राहिलेले नाही. मी हेडमास्तर नाही. दर शनिवारी शिडीखाली उभी असते. – तिसरा डोळा.'

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने वीस वेळा पान उघडलं. उत्तर नाही. शेवटी दुकानाचं दार वाजलं. तो आत आला, तपासणीच्या खुर्चीत बसला आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"तू... रागावलास?" घाईत अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"सकाळी रागावलो होतो. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, 'अरे, लेख काय, पुन्हा रांगेत उभा राहील. ती मुलगी राहणार आहे का?'" त्याने कागद उलगडला. "आता एक विधान तपासायचंय. 'लेखकाबद्दल मी तटस्थ राहिलेले नाही.' याला संदर्भ दिलेला नाहीस."

"संदर्भ नाहीच. माझ्या मनातलं आहे. नियमात बसत नाही ते."

"मग काढून टाकू?"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की बाहेरचं गिऱ्हाईक दचकलं. मग हळूच, "दुसऱ्या कुणी दुजोरा दिला... तर राहू शकतं."

त्याने तिचा हात हातात घेतला. आज बोटांवर डिंक नव्हता. घासून घासून धुतलेली होती.

"मी देतो," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी परीक्षणाच्या पानावर, तिच्या ओळीखाली, एक नवी ओळ आली – 'दुजोरा मिळाला. विधान कायम ठेवावे. – उंदीरमामा.'