गार पाण्यातली काळजं

आष्टीच्या कॉलेजात आदिनाथ सर प्राणिशास्त्र शिकवायचे. हैदराबादेत संशोधन करून आलेला माणूस, येताना पट्टेरी मासे घेऊन आला. त्या माशांच्या अंड्यातल्या पिलांत सरांनी एक जनुक घातलेलं. पाणी कोमट केलं की ते जागं व्हायचं, तेही फक्त काळजात, अन् निळ्या दिव्याखाली काळीज हिरवं चमकायचं. गार पाण्यात मिट्ट अंधार.

"कुठं अन् कवा पेटवायचं, ह्ये आपल्या हातात हाय," सर मिशीत हसून सांगायचे.

बाहेर ऊन म्हणजे आगीचा डोंब. म्हणून अंड्यांची बशी ते प्रयोगशाळेतल्या माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचे.

वैशाखातच त्यांची बायको सत्यशीला बाळंत झाली. पोरगी अगदी मुठीएवढी, अंगात ऊब म्हणून नाही. सरांच्या सासूबाई, बायडाबाई, दिवस कलला की बाजेखाली शेगडी सारून मायलेकींना शेक द्यायच्या.

एका संध्याकाळी सरांनी बशी दिव्याखाली धरली अन् हबकलेच. पाणी गार, तरी सगळी काळजं हिरवी पेटलेली! पुढं रोज तेच. घरी शेगडी पेटली की इकडं काळजं पेटायची. एकदा बायडाबाईंनी शेक उशिरा दिला, तर काळजंही उशिराच पेटली. पण हे सर सांगणार कुणाला?

बारशाच्या धांदलीत वाळूवर पाणी शिंपडायचं राहून गेलं. पाळण्यापाशी बाया गात होत्या, तेवढ्यात बायडाबाई किंचाळल्या.

"जावईबापू... निखारे लाल हायेत, अन् पोरगी गार का पडतीया...?"

सर अनवाणीच कॉलेजकडं पळाले. वाळू सुकून कोरडीठाक. बशी तापलेली, अंडी एकेक करून पांढरी पडलेली. एकच काळीज तेवढं हलत होतं. सरांनी माठातलं पाणी ओतलं. "जग रे बाबा, जग," म्हणत ते रडले. घरी परतले तेव्हा पोरगी दुधासाठी टाहो फोडत होती.

त्या एका अंड्यातला मासा त्यांनी जिवापाड जपला. प्रयोगशाळेत, कुलपात. पण ही जात जगून जगून तीन-चार वर्षं जगते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यांची लेक शिवानी आता तीन वर्षांची झालीय. माशाची पाठ वाकलीय. पोरीनं तो कधी पाहिलेला नाही, घरात कुणी त्याचं नावही काढत नाही. काल जेवता जेवता तिनं घास खाली ठेवला, छाती चोळली.

"बाबा, पानी बदला की... मला कोंडतंय."