पाठीवरची कुसळं

"एकट्याला रानात सोडत न्हाय. बाई असो का बाप्या, जोडी पायजे!" वनखात्याच्या गेटवर महिपतीतात्यांनी काठी आडवी धरली.

प्रियदर्शनीचं तोंडच उतरलं. मैत्रिणीनं आयत्या वेळी टांग दिली आणि ही मात्र बारामतीहून पहिली एसटी धरून इंदापूरच्या माळावर येऊन थडकलेली. आता परत कुठं जायचं? त्या भाड्याच्या खोलीत? आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं... "मूठ आवळा... सोडा आता." दिवसभराचं तिचं बोलणं एवढंच. रविवारी तर तेवढंही नाही.

"तात्या, मी बी एकटाच हाय की," मागून आवाज आला. सणसरच्या बँकेत नुकताच बदलून आलेला अनुप होता तो. तिच्याकडं बघून चाचरला, "म्हंजी... तुमची हरकत नसंल तर—"

"तुमी लई बोलता का?" तिनं विचारलं.

"कुणी ऐकणारं असलं तर."

तात्यांनी मिशीत हसत काठी वर केली.

कंबरभर वाळलेलं गवत, मधूनच हिवराची सावली, आणि पायवाट आपली लांबच लांब. चालता चालता अनुपनं तिची नजर पकडलीच. "माझ्या हाताकडं काय बघताय मघापासनं?"

"शीर बघते. झकास हाय. एका टोचणीत गावंल."

"बापरे! पहिल्याच भेटीत सुई?"

ती खळखळून हसली आणि स्वतःच दचकली. केवढ्या दिवसांनी ऐकलं होतं तिनं स्वतःचं हसू!

तेवढ्यात अनुपनं तिचं मनगट धरलं. समोर चिंकारा उभा, कान टवकारलेला. क्षणभर बघून तो गवतात पसार झाला, पण मनगट काही सुटलं नाही. रोज ती किती जणांची मनगटं धरायची, पण तिचं कुणी धरलंच नव्हतं. सुटूच नये असं वाटलं तिला, अगदी मनापासून वाटलं.

पण वाट संपायचीच. गेट दिसलं तशी तिची पावलं रेंगाळली. जोडी गेटापुरतीच ना!

गेटजवळच्या लिंबाखाली रानातून परतलेले सगळे कपड्यांत रुतलेली गवताची कुसळं काढत बसले होते. ही दोघंही तिथंच टेकली.

"ओढणीवर मागं लई हायत... काढू?" अनुपनं विचारलं.

"दुसऱ्याचं कुसळ बरं दिसतं तुमास्नी!"

"असू द्या माझ्या डोळ्यात मुसळ. तुमी वळा आधी."

त्यानं एकेक कुसळ हलकेच उपसलं. मग त्याची पाळी आली. त्याच्या शर्टाच्या पाठीवर आजची सोनेरी कुसळं होती, आणि त्यांच्याखाली काही धुऊन पांढरी पडलेली, पार कापडात रुतलेली.

"ही आजची न्हाईत," ती म्हणाली.

अनुप म्हणाला, "मागल्या महिन्यातली. तवा तात्याच माझी जोडी. पुढची काढली मी. पाठीवरची... एकट्याला निघत न्हाईत."

शर्ट धुतला, इस्त्री झाली, महिनाभर तो टोचत राहिला, आणि 'वळ जरा' म्हणणारं घरात कुणी नाही. तिला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

"पोरी, एसटी आली गं!" तात्यांनी हाक दिली.

तिची बोटं थांबली नाहीत. "जाऊ दे तिला," ती त्याच्या पाठीलाच म्हणाली. "मला त्या खोलीत लई एकटं वाटतं. तुमच्यासंगं... न्हाय वाटलं."

अनुप वळला नाही. "दुसरी एसटी संध्याकाळी हाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मग हलू नका. अजून लई राहिलीत."