आतून कोरलेलं दार

अंकाराला मुलाकडे कायमचं राहायला जाण्याआधी नाझिफेला जुनं घर एकदा बघायचं होतं. कडे ढासळायला लागले आणि सगळं गाव खाली पठारावर हललं, तेव्हा ती सात वर्षांची होती. धाकटा भाऊ जाफर कुरकुरला, पण सोबत आला.

मऊ, राखी खडकात कोरलेलं घर अजून शाबूत होतं. जमिनीत खणलेला तंदूर, धुरानं काळं पडलेलं छत, आईचा द्राक्षांच्या काकवीचा कोनाडा. नाझिफेनं कोनाड्यात नाक खुपसलं. गोडसर वास अजून होता. तिला भरून आलं.

मागची खोली मात्र दरडीनं बुजलेलीच होती. दरड कोसळली त्या दिवशी वडील आत होते. माणसांनी महिनाभर खणलं. शेवटी आईनंच हात जोडून त्यांना थांबवलं होतं.

दरडीच्या बाजूला आज एक दार होतं. काप पांढरा, ताजा.

"गुराख्यांचे उद्योग," जाफर म्हणाला.

नाझिफेनं घावांवरून बोटं फिरवली. टिकाव डाव्या हातानं चालवला होता, आणि आतून बाहेर. गावात डावखुरा एकच होता. तिनं तसं म्हटल्यावर जाफर दोन पावलं मागे सरकला.

"ताई, मी बाहेर थांबतो."

ती एकटीच आत गेली. चूल कोरलेली होती, कबुतरांसाठी भोकंही. भिंतीत झोपायचा ओटा होता, सात वर्षांच्या पोरीला पुरेल एवढाच. उशाशी वाटीएवढा खळगा. लहानपणी झोपेत तिला तहान लागायची. वडील उशाशी पाणी ठेवायचे.

ती ओट्यावर टेकली. डोळे वाहत होते.

"बाबा, मी मोठी झाले हो," ती म्हणाली.

ओट्याच्या पायथ्याशी भुरभुर माती गळली.

थोड्या वेळानं ती आडवी झाली. पाय दुमडावे लागले नाहीत; ओटा आता तिला पुरत होता. दगड उबदार होता.

"ताई, चल आता. ऊन उतरलं," बाहेरून जाफरची हाक आली.

ती ओ देणार होती. तेवढ्यात शेजारच्या कोऱ्या भिंतीत ठोके सुरू झाले.

सावकाश, एकसारखे. जाफर उंच होता. त्याच्या ओट्याचं काम बरंच होतं.