एका घासाचा चोर

"मावशी, घरात चोरी झालीय. लगेच या."

"काय गेलं?"

"मासा," जावई फोनवर म्हणाला.

पस्तीस वर्षं पोलिसात काढलेली मावशी माशासाठी जागची हलली नसती. पण आळ स्वयंपाकीणबाईवर होता, आणि जावयाने तिला चोर ठरवून तसं इमारतीच्या ग्रुपवर टाकलंही होतं. त्या इमारतीतल्या चार घरी बाई स्वयंपाक करायची. चारही दारं बंद झाली असती.

भाचीचा हा नवरा म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. घरी मासा धुरावर शिजवून त्याची सँडविचेस शेजाऱ्यांना खिलवणार, असं महिनाभर सांगून त्याने सगळ्यांचे कान किटवले होते. मंडळी सात वाजता यायची होती.

स्वयंपाकघरात धुराचा वास कोंडला होता. मोठ्या पातेल्याच्या तळाशी जळका लाकडी भुसा, वर ताटली, त्यावर रिकामी जाळी. ताटलीत काळपट, चिकट पाणी. केराच्या डब्यात लोणी, कांदा आणि माशाचं एक सँडविच. कोपऱ्याचा एकच घास खाल्लेला.

"मी डुलकी काढून उठलो तर ही इथे उभी आणि मासा गायब!" जावई म्हणाला. "हावरटासारखं तोंड घातलं आणि उरलेला पळवला."

"बाई, तुम्ही सांगा."

"अकराला मासा मिठाच्या पाण्यातून काढून दिला. म्हटलं, साहेब, धुरावर ठेवण्याआधी दोन-तीन तास वाऱ्यावर सुकू द्या. म्हणाले, मला शिकवू नका. मी गेले. चारला परत आले, तर मीच चोर."

"जावईबापू, धुरावर कधी ठेवलात?"

"लगेच. वाट कोण बघणार?"

"चाखला?"

"कुठे! त्याआधीच गेला ना."

मावशीने केरातल्या सँडविचमधला माशाचा कण जिभेवर ठेवला आणि लगेच थुंकला.

"कडूजहर! ओल्या माशावर धूर नीट बसत नाही, काजळी होऊन ओघळतो. ताटलीत साचलंय ते हेच. चव आवडली असती तर चोराने सँडविच संपवलं असतं. नाही आवडली, तर उरलेला मासा घरी कशाला नेला असता? एक घास थुंकून बाकीचा मासा लपवायची गरज एकालाच होती. ज्याची सातला शोभा होणार होती, त्याला. कुठाय मासा?"

जावयाने दारात उभ्या बायकोकडे पाहिलं. तिने मान फिरवली.

"गाडीच्या डिकीत," तो पुटपुटला. "एवढं काय त्यात, मावशी? या बायकांना दुसरीकडे कामं मिळतात."

मावशीने खिसेकापू पाहिले होते, दरोडेखोर पाहिले होते. इतका हलका माणूस पाहिला नव्हता. तिला त्याच्या खुर्चीवर बसायचीसुद्धा किळस आली.

"लिहा ग्रुपवर."

त्याने लिहिलं, 'गैरसमज झाला. मासा सापडला.'

"गैरसमज नाही," स्वयंपाकीणबाई म्हणाली. "मासा मी बिघडवला, मीच लपवला आणि बाईंवर खोटा आळ घेतला, असं लिहा."

मावशी त्याच्या डोक्याशी उभी राहिली. त्याने लिहिलं, पाठवलं. मग मावशीने त्याला उठून उभं राहून माफी मागायला लावली.

बाईने ती ऐकून घेतली. उद्यापासून येणार नाही, एवढं भाचीला सांगितलं आणि वरच्या मजल्यावरच्या घरी स्वयंपाकाला गेली.